आशियाई सुवर्ण मिळूनही ऑलिंपिकचं तिकीट नाही, असं का? (आशियाई जिम्नॅस्टिक्स युनियन आणि कोल्हापूरच्या पोरी)

मंगळवारपेठेची_लेक

नमस्कार मंडळी,

२६ मे २०२४ ला ताश्कंदमध्ये दीपा कर्माकरनं आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत व्हॉल्टचं (धावत येऊन टेबलावरून मारायची उडी) सुवर्णपदक जिंकलं. गुण १३.५६६. या स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय. दुसऱ्या आणि तिसऱ्या आलेल्या दोघीही उत्तर कोरियाच्या, म्हणजे स्पर्धा काही सोपी नव्हती. पॅरिस ऑलिंपिकसाठी आशियातली एक जागा याच स्पर्धेतून ठरणार होती. ती दीपाला मिळाली नाही, आणि ऑक्टोबरमध्ये तिनं निवृत्ती जाहीर केली.

माझी मुलगी इथं कोल्हापुरात जिम्नॅस्टिक्स शिकते. तिनं विचारलं, "आई, पहिली आली तरी गेली नाही?" मला नीट उत्तर देता आलं नाही. शोधायला लागले तेव्हा कळलं की खंडाची एक वेगळी संघटना आहे, आशियाई जिम्नॅस्टिक्स युनियन, तिचं कार्यालय दोहात आहे. आपण पालक जिल्हा आणि राज्य स्पर्धेच्या पुढं बघतच नाही, आणि बघितलं की थेट ऑलिंपिक. मधली आशियाची पायरी आपल्या बोलण्यात येतच नाही. माझ्या मते चूक तिथंच होते.

ही संघटना नेमकं करते काय? सुवर्ण जिंकून जागा का मिळत नाही? आणि कोल्हापुरात शिकणाऱ्या पोरीनं त्यातून काय घ्यायचं? जाणकारांनी सांगावं.

रंकाळा_वारा

चांगला धागा. वाचतोय.

पोपट_आणि_पेरू

दोहा? मला वाटलं चीन किंवा जपानमध्ये असेल. पदकं तर सगळी तेच नेतात.

बीमवाली

मी स्वतः राज्य पातळीपर्यंत खेळले आणि आता स्पर्धांना पंच म्हणून जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जगाची संघटना ती 'फिग'. १८८१ मध्ये बेल्जियमच्या लिएज शहरात बेल्जियम, फ्रान्स आणि नेदरलँड्स या तीन देशांनी ती स्थापन केली. तेव्हा ती फक्त युरोपची होती, १९२१ मध्ये बाहेरचे देश आले आणि नाव आंतरराष्ट्रीय झालं. आज मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये लोझानला आहे आणि २०१७ पासून अध्यक्ष जपानचे मोरिनारी वातानाबे. तिच्या हाताखाली खंडांच्या संघटना: युरोप, आशिया, आफ्रिका, अमेरिका खंड आणि ओशनिया.

आशियाई युनियनचं मुख्य काम म्हणजे आशियाई अजिंक्यपद स्पर्धा भरवणं. आर्टिस्टिक, रिदमिक, ट्रॅम्पोलिन, एरोबिक, प्रत्येकाची वेगळी. त्याबरोबर पंचांचे आणि प्रशिक्षकांचे वर्ग, तांत्रिक समित्या, नियम सगळ्या देशांत सारखे लागू होतायत का ते बघणं. एक गोष्ट लक्षात घ्या, चार वर्षांतून एकदा होणारी एशियन गेम्स ही वेगळी, ती आशियाई ऑलिंपिक परिषदेची. त्यात जिम्नॅस्टिक्स १९७४ च्या तेहरानपासून आहे. वर्तमानपत्रांत या दोन्हींची कायम सरमिसळ होते.

आता दीपाचा प्रश्न. पॅरिससाठी खंडाच्या स्पर्धेतून जी जागा होती ती एका उपकरणावरच्या पदकावर नव्हती, ऑल-अराउंडवर होती. मुलींसाठी व्हॉल्ट, अनइव्हन बार्स (कमी-जास्त उंचीचे दोन बार), बीम (अरुंद तुळई) आणि फ्लोअर (जमिनीवरची कसरत), चारही उपकरणांची बेरीज. आणि ज्या देशांचे पूर्ण संघ आधीच पात्र ठरले होते, म्हणजे चीन, जपान, दक्षिण कोरिया, त्यांना ती जागा घेता येत नव्हती. त्यामुळे ऑल-अराउंडला तिसरी आलेली फिलिपिन्सची एमा मलाबुयो पॅरिसला गेली. दीपा ऑल-अराउंडला सोळावी होती, ४६.१६६ गुण.

तुमच्या लेकीला इतकंच सांगा, ती पहिली आली ती एका उपकरणावर, आणि जागा होती चार उपकरणांची.

मंगळवारपेठेची_लेक

बीमवाली ताई, मनापासून धन्यवाद. हे इतकं स्वच्छ कुणीच सांगितलं नव्हतं. आज रात्री जेवताना तिला सांगते.

जुना_पैलवान

ताईंनी माहिती चांगली दिली, पण माझं मत वेगळं हाय. संघटना म्हटली की खुर्ची आली. जिल्ह्याची, राज्याची, देशाची, आता खंडाची. पोरांच्या अंगाला माती लागत न्हाई आणि वर चार मजले पदाधिकारी. आपल्या देशाच्या जिम्नॅस्टिक्स महासंघात भांडणं झाली, काही वर्षं सरकारची मान्यताच गेली होती. त्या वर्षांत पोरांचं काय झालं? आमच्या तालमीत वस्ताद होता, हौद होता, खुराक होता. त्यावर खाशाबा जाधवांसारखा माणूस १९५२ ला हेलसिंकीत पदक घेऊन आला. कुठली खंडाची संघटना होती त्यांच्या मागं?

कॉलेज_कट्टा

+१. आणि खाशाबांना पाठवायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. माणसं उभी राहिली, संघटना नाही.

बीमवाली

पैलवान काका, तुमचा राग समजतो. महासंघाची भांडणं चालू असताना मी खेळत होते. कुठल्या संघटनेचं प्रमाणपत्र नोकरीत चालेल आणि कुठलं चालणार नाही, याचीच चर्चा जास्त व्हायची.

पण खाशाबांच्या उदाहरणातून मी उलटंच घेते. प्राचार्यांना घर गहाण टाकावं लागलं, कारण खेळाडूला पुढं नेणारी व्यवस्था नव्हती. आपण प्रत्येक पोरीसाठी असा एक खर्डेकर कुठून आणणार? कुस्तीला हौद आणि वस्ताद पुरला असेल. जिम्नॅस्टिक्समध्ये उडीचा आकडा ठरवणारं नियमपुस्तक दर चार वर्षांनी बदलतं. ज्या पंचाला ते पाठ नाही, त्याच्यासमोर मुलगी कितीही चांगली खेळली तरी तिचे गुण चुकतात. तो पंच तयार करायचं काम याच संघटनांचं असतं.

गंगावेशी

नियमपुस्तकावरून एक विचारतो. पूर्वी दहापैकी दहा असायचे ना? आता १३, १४, १५ कसे?

बीमवाली

१९७६ ला माँट्रियलमध्ये नादिया कोमानेचीला १० पैकी १० मिळाले तेव्हा फलकावर १.०० आलं होतं, कारण त्या यंत्राला १०.०० दाखवताच येत नव्हतं. २००४ च्या अथेन्समध्ये दक्षिण कोरियाच्या यांग ते-योंगच्या रूटीनची, म्हणजे कसरतीची, सुरुवातीची किंमत (जास्तीत जास्त मिळू शकणारे गुण) पंचांनी कमी धरली, त्यावरून मोठा वाद झाला. त्यानंतर २००६ पासून गुणांचे दोन भाग झाले. 'डी' म्हणजे काठिण्य, जितकं अवघड कराल तितकं वाढतं. 'ई' म्हणजे सफाई, ती दहापासून सुरू होऊन चुकांनुसार उतरते. दोन्हींची बेरीज. लँडिंगला एक पाऊल हललं की दशांश गेले.

रिओत २०१६ ला दीपाचे १५.०६६ होते आणि कांस्यपदकाचे १५.२१६. फरक ०.१५०. लँडिंगवर किती अवलंबून असतं ते यावरून समजा.

तालीम_संघ_प्रेमी

अवांतर: आमच्या पेठेत कोलांटी फक्त गोल झाल्यावर मारतात. पाटाकडीलच्या सामन्याला या, दरवर्षी नवीन जिम्नॅस्ट सापडतील!

दिलबहार_एकच

तुमच्या कोलांट्या आम्ही बघितल्यात, लँडिंगला तुम्हीही चार पावलं हलता. :-)

तालीम_संघ_प्रेमी

हा हा. पुढच्या हंगामात बघू.

रंकाळा_वारा

मंडळी, फुटबॉलचा धागा वेगळा आहे, तिकडं भांडा. इथं खरंच काहीतरी शिकायला मिळतंय.

नकाशा_वेडा

मला यातला भूगोल आवडतो. खेळाच्या नकाशावर आशिया वेगळाच असतो. उझबेकिस्तान आणि कझाकस्तान आशियात, पण तुर्कस्तान, अझरबैजान आणि इस्रायल जिम्नॅस्टिक्समध्ये युरोपात खेळतात. ऑस्ट्रेलिया ओशनियात. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोविटिना १९९२ ते टोकियो अशी ८ ऑलिंपिक खेळली, जन्म १९७५ चा. तिच्यामुळं आशियाचा व्हॉल्ट कायम तगडा राहिलाय.

आणि खंडानं नशीब कसं बदलतं बघा. कायलिया नेमूर फ्रान्समध्ये वाढली, नंतर अल्जीरियाकडून खेळायला लागली आणि पॅरिसला अनइव्हन बार्सवर सुवर्ण. आफ्रिकेचं जिम्नॅस्टिक्समधलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. आशियात फिलिपिन्सचा कार्लोस युलो, पॅरिसला फ्लोअर आणि व्हॉल्ट अशी दोन सुवर्णं. त्यानंही पॅरिसच्या आधी आशियाई स्पर्धांत पदकं घेतली होती.

मंगळवारपेठेची_लेक

युलोचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. फिलिपिन्समध्येही जिम्नॅस्टिक्सला आपल्यासारखीच मागची रांग होती.

पण एक शंका आहे. भारताची पदकं बघितली की दीपाला २०१५ ला हिरोशिमात व्हॉल्टचं कांस्य, प्रणती नायकला २०१९ ला उलानबातर, २०२२ ला दोहा आणि २०२५ ला जेचॉनमध्ये कांस्य, तीही व्हॉल्टवर. बुद्दा अरुणा रेड्डीचं २०१८ च्या मेलबर्न विश्वचषकातलं कांस्यसुद्धा व्हॉल्टचंच. आपल्या मुली फक्त व्हॉल्टवरच का जिंकतात?

सांगलीकर_कोच

याचं उत्तर मी देतो, कारण रोज याच प्रश्नाशी झुंजतो.

पहिलं कारण, व्हॉल्टच्या अंतिम फेरीत दोन वेगवेगळ्या उड्या माराव्या लागतात. ऑल-अराउंड खेळणाऱ्या बहुतेक मुली एकच उडी तयार करतात, कारण त्यांना चार उपकरणांची तयारी असते. त्यामुळे व्हॉल्टच्या अंतिम फेरीकडे वळणाऱ्या मुली मुळातच कमी. शिवाय कुठल्याही अंतिम फेरीत एका देशाच्या दोघीच जाऊ शकतात. चीनकडे पाच चांगल्या असल्या तरी दोघीच खेळणार. म्हणून त्या दोन उड्याच वर्षानुवर्षं घोटून पदकाच्या जवळ जाता येतं.

दुसरं कारण साधनांचं. व्हॉल्टला पंचवीस मीटरची धाव, स्प्रिंगबोर्ड, टेबल आणि जाड मॅट मिळाली की बरंच काम होतं. दीपाला सुरुवातीला आगरतळ्यात जुन्या स्कूटरच्या सुट्या भागांपासून केलेल्या साधनावर सराव करावा लागला होता. पण अनइव्हन बार्सचं तसं होत नाही. चांगले बार लागतात, खाली फोमचा खड्डा लागतो, आणि हात धरून स्पॉट करणारा माणूस लागतो. बीम दहा सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून सव्वा मीटर उंच. आधी जमिनीवर आखलेल्या रेषेवर, मग बुटक्या बीमवर, मग उंचावर, अशी वर्षं जातात. त्या वर्षांत पदक मिळत नाही, फोटो येत नाही, आणि पालक विचारतात, "सर, स्पर्धेला कधी नेणार?"

कुस्तीत ज्याला एकच डाव येतो तो पहिल्या फेरीत चमकतो आणि पुढच्या फेरीत समोरच्यानं तो ओळखला की चीत होतो. आमच्या खेळात एका उपकरणाच्या मुलीचं तसंच होतं.

जुना_पैलवान

कोच साहेब, हे मात्र पटलं. आमचे वस्ताद वर्षभर नुसत्या जोर-बैठका आणि हौद खणायला लावायचे. पोरगं रडायचं, पण अंग तयार व्हायचं.

आर्वीची_आई

वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मोठ्या मुलीला एका वर्गात घातलं होतं (गाव आणि नाव लिहीत नाही). तिथं लहानपणापासून तिला फक्त उडीच शिकवली, कारण ती पळायला चपळ होती. जिल्ह्यात पदकं मिळाली, आम्ही आनंदात. विभागीयला गेल्यावर बारवर नुसती लटकून राहिली, बीमवरून तीनदा पडली. त्यानंतर घोटा दुखावला, आणि तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं जे ती करत राहू शकेल. तिनं खेळ सोडला. तिचं सोडणं मला इतकं लागलं नाही, जितकं हे लागलं की कुणी आम्हाला चार उपकरणांचं महत्त्व सांगितलंच नाही.

बीमवाली

आर्वीची आई, तुम्ही लिहिलंत हे फार महत्त्वाचं आहे. नव्या पालकांनी आधी हाच प्रतिसाद वाचावा.

हाय_बार

मी मुलांच्या बाजूनं लिहितो. मुलांना सहा उपकरणं, म्हणजे प्रश्न दीडपट मोठा. आशिष कुमारनं २००६ ला सुरतमध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत फ्लोअरचं कांस्य घेतलं होतं. सुरतमध्ये! म्हणजे ही स्पर्धा आपल्या शेजारच्या राज्यात भरून गेली. किती कोल्हापूरकरांना तेव्हा माहीत होतं? २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं रौप्य आणि कांस्य घेतलं, मग ग्वांगझूच्या एशियन गेम्समध्ये कांस्य. घरच्या स्पर्धेनं सगळं बदलतं असं मी म्हणत नाही, पण मुलांनी जवळून बघितलं की ते चालतंबोलतं होतं. म्हणून युनियनच्या स्पर्धा भारतात पुन्हा याव्यात, यासाठी आपण मागणी केली पाहिजे.

कॉलेज_कट्टा

पण नुसती स्पर्धा आणून काय, निवड तरी नीट होते का? २०२३ च्या हांगझोऊ एशियन गेम्सच्या आधी दीपा निवड चाचणीत पहिली आली होती. तरी तिला पाठवलं नाही, कारण मागच्या बारा महिन्यांतल्या कामगिरीचा निकष होता आणि ती तर डोपिंगच्या बंदीतून नुकतीच बाहेर आलेली. भारताकडून एकटी प्रणती गेली.

नकाशा_वेडा

यावर दोन्ही बाजू आहेत. निकष आधीच जाहीर झालेला होता, आणि तो सगळ्यांना सारखा होता. पण २१ महिन्यांच्या बंदीनंतर परतणाऱ्या खेळाडूकडं मागच्या बारा महिन्यांची कामगिरी असणार कुठून? मला तो निर्णय अन्यायाचा वाटला आणि आजही वाटतो. पुढच्याच वर्षी आशियात सुवर्ण जिंकून तिनं उत्तर दिलं.

हाय_बार

मला निकष बरोबर वाटतो. अपवाद करायला लागलो की उद्या वशिल्याचेही अपवाद येतात.

पोपट_आणि_पेरू

टोकियोला प्रणती कशी गेली मग?

बीमवाली

तीही खंडाच्या कोट्यातूनच. २०२१ ची आशियाई स्पर्धा कोविडमुळं रद्द झाली, म्हणून आधीच्या जागतिक स्पर्धेच्या क्रमवारीवरून जागा वाटल्या गेल्या, त्यात तिचा नंबर लागला. म्हणजे रिओनंतर भारताच्या वाट्याला जी एकमेव जागा आली ती आशियाच्या दारातून आली. मंगळवारपेठेची_लेक यांनी पहिल्या प्रतिसादातच म्हटलंय ना, मधल्या पायरीकडं आपण बघत नाही, ते इथं सिद्ध होतं.

राधानगरी_रोड

कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसहून कांस्य घेऊन आला तेव्हा आमच्या भागात गुलाल उधळला. त्याचा नेमबाजीतला प्रकारही थ्री पोझिशन, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. तिन्हींत बरं असावं लागतं. आपल्या मातीतला पोरगा तिन्हीत तयार झाला, तर आपल्या पोरी चार उपकरणांत का नाही होणार? साधनं द्या, माणसं द्या.

गंगावेशी

मल्लखांबाचा उपयोग होतो का यात? माझी पुतणी मल्लखांब करते, दसरंग छान मारते.

सांगलीकर_कोच

खूप होतो. पकड, पोटाची ताकद, उलटं असताना शरीराची जाणीव, आणि उंचीची भीती गेलेली असते. बारवर अशा मुली पटकन रुळतात. फक्त गुडघे आणि पायाची बोटं ताणलेली ठेवायची सवय वेगळी लावावी लागते. आपल्याकडं मल्लखांबाची इतकी परंपरा असताना आपण बारमध्ये मागं राहावं, हे मला सहन होत नाही.

मंगळवारपेठेची_लेक

सगळ्यांचे आभार. माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला मिळालं, आता पुढचं विचारते. मुलगी २०१६ ची आहे. वर्गात व्हॉल्ट आणि फ्लोअर होतं, बीम कधीतरी, बार जवळजवळ नाहीच. मी सरांकडं काय मागू?

सांगलीकर_कोच

मुलींना सोळावं लागतं त्या वर्षी सीनियर गटात जाता येतं. म्हणजे तुमची लेक २०३२ मध्ये सीनियर. वेळ भरपूर आहे, घाई करू नका.

सरांना सांगा, आठवड्यात प्रत्येक उपकरणाला ठरलेला वेळ हवा. बार नसेल तर कमी उंचीच्या एका बारवर पुल-अप, कास्ट (बारवर हात टेकून पाय मागं झुगारणं) आणि किप (झोक्यातून बारवर चढणं) यांची तयारी होते. बीम नसेल तर जमिनीवर चुन्याची रेघ आखून घ्या. आणि पालकांनी मिळून एक मागणी करा, जिल्ह्यात वर्षातून एकदा तरी ऑल-अराउंडची स्पर्धा व्हावी आणि बक्षीस चार उपकरणांच्या बेरजेवर द्यावं. बक्षीस जिथं असतं तिकडं वर्ग वळतात.

आर्वीची_आई

या मागणीच्या अर्जावर माझी सही धरा.

जुना_पैलवान

माझीबी. आणि फोमच्या खड्ड्याला वर्गणी काढणार असाल तर तालमीकडनं मी बोलतो.

बीमवाली

मी येत्या उन्हाळ्यात कोल्हापूरला येणार आहे. पालकांना आणि शिक्षकांना गुण कसे देतात ते दिवसभर बसून समजावून सांगायला तयार आहे, मानधन नको. जागा कुणी बघाल का?

राधानगरी_रोड

आमच्या शाळेचा हॉल सुट्टीत मोकळा असतो, मुख्याध्यापकांना विचारून दोन दिवसांत कळवतो.

मंगळवारपेठेची_लेक

ताई, नक्की या, राहायला आमच्याकडंच. अजून एक, बारसाठी हातात घालायच्या ग्रिप्स आत्ताच घेऊ का? दुकानदार म्हणतो मोठ्या मापाच्या घ्या, पुढं चालतील.

बीमवाली

अजिबात नको. आधी उघड्या हातानं वर्षभर लटकू दे, तळवे तयार होऊ देत. घ्याल तेव्हा मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजून नेमक्या मापाच्या घ्या. सैल ग्रिप बारवर दुमडून अडकते आणि मनगट मोडू शकतं. सध्या चॉक पुरे.